कोलोसियमचा फोटो टाकला की आमचं तोंड बंद होतं का?

एखाद्या किल्ल्याबद्दल, मंदिराबद्दल किंवा बारवेबद्दल आपल्यापैकी कुणी दोन ओळी लिहिल्या आणि त्यात 'इथल्या पाण्याला शिवायची मुभा कुणाला होती?' एवढा साधा प्रश्न विचारला, की खाली एक ठरलेली प्रतिक्रिया येते. सोबत कोलोसियमचा फोटो असतो. मजकूर साधारण असा: रोमन लोकांनी इथे हजारो माणसं मारली, तरी इटलीचा माणूस आपल्या वारशाकडे अभिमानाने बघतो, जगाला तिकीट लावून दाखवतो, तुम्ही मात्र प्रत्येक दगडात जात शोधता. या प्रतिक्रियेचा दुसरा अवतार पहिल्याच्या बरोबर उलट असतो, आणि बरेचदा एकच माणूस दोन्ही लिहितो: तिकडे माणसांच्या कत्तलीचा खेळ चालायचा तेव्हा आपल्याकडे असलं काही नव्हतं, आपली संस्कृतीच सहिष्णू.

हा दुसरा अवतार तर जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. लाला लजपतराय यांनी 1928 साली 'अनहॅपी इंडिया' लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गुलामीपुढे आमची अस्पृश्यता काहीच नाही, असा त्यातला बचाव होता. बाबासाहेबांनी हा बचाव उचलला आणि 'गुलाम आणि अस्पृश्य' या प्रकरणात त्याच्या चिंधड्या केल्या. इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात ते आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या आठवड्यात वाचावं. बाबासाहेब तिथे दोन कामं करतात. गुलामगिरी हिंदूंच्या धर्मशास्त्रातही होती, हे मनूचे आणि नारदाचे दाखले देऊन सिद्ध करतात. आणि मग तुलना करायचीच आहे ना, तर नीट करू, म्हणून थेट रोमच्या गुलामाला समोर आणतात.

तेव्हा फोटो टाकणाऱ्यांच्याच मैदानावर जाऊ. कोलोसियम आणि त्याची भावंडं असलेली रोमन अँफिथिएटरं मूळ काय होती, मधल्या काळात त्यांचं काय झालं आणि आज तिथे काय चालतं, हे बघू.

अशा 200 हून अधिक इमारती आज माहीत आहेत. इटली, फ्रान्स, स्पेन, क्रोएशिया, ट्युनिशिया, थेट लंडनपर्यंत. लंबगोल रिंगण, त्यात वाळू (लॅटिनमध्ये वाळूला 'अरेना' म्हणतात, तोच शब्द आज आपण स्टेडियमसाठी वापरतो), आणि भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या. रोमचं कोलोसियम इ.स. 80 मध्ये सम्राट टायटसने उघडलं आणि 100 दिवस खेळ चालवले. त्याला पैसा कुठून आला? इमारतीवरच्या एका शिलालेखाची धातूची अक्षरं निघून गेली होती. ती बसवायची जी भोकं दगडात उरली होती, त्यांवरून अभ्यासकांनी मूळ मजकूर जुळवला. त्यानुसार ही इमारत युद्धातल्या लुटीतून उभी राहिली. ते युद्ध म्हणजे जेरुसलेमचा पाडाव. एका समाजाचं देऊळ लुटायचं आणि त्या पैशातून राजधानीत करमणुकीचा वाडा बांधायचा.

आता पायऱ्यांकडे बघा. पर्यटक रिंगणाकडे बघतो, समाजशास्त्राच्या माणसाने आधी पायऱ्यांकडे बघावं. कुणी कुठे बसायचं हे ऑगस्टसने कायद्याने ठरवून दिलं होतं. रिंगणाच्या अगदी जवळ सिनेटर. त्यांच्यामागे दुसरा श्रीमंत वर्ग. सैनिक वेगळे, नागरिक वेगळे. लग्न झालेल्या सामान्य पुरुषांच्या ओळी निराळ्या, मुलांच्या निराळ्या आणि त्यांच्या शिक्षकांची जागा शेजारी. मळक्या गडद कपड्यातल्या माणसाने मधल्या भागात बसायचं नाही. वेस्टाच्या पुजारणी सोडल्या तर स्त्रिया सगळ्यात वर, आणि गुलाम व कंगाल लोकही तिथेच कुठेतरी. फ्रान्समधल्या नीम शहरात तर दगडावर कोरलेलं सापडलं आहे की रोन आणि सोन नद्यांवरच्या नावाड्यांच्या संघाला 40 जागा राखीव. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी, प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी, आणि सगळ्यांच्या खाली, वाळूत, मरणारा माणूस. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती डोळ्यांनी बघायची असेल तर हा नकाशा पुरेसा आहे. वरच्या पायरीवरच्या कंगालालाही खाली बघायला कुणीतरी मिळत होतं. ही व्यवस्था टिकते ती याच सोयीवर.

वाळूत उतरणारा कोण होता? युद्धकैदी, गुन्हेगार ठरवलेले, विकत घेतलेले गुलाम, आणि काही पोटासाठी स्वतःला करारावर विकणारे. लोक त्यांच्यासाठी वेडे व्हायचे, भिंतींवर त्यांची नावं लिहायचे, पोरं त्यांच्या नकला करायची. आणि कायदा मात्र त्यांना 'इन्फेमिस', म्हणजे प्रतिष्ठा गमावलेला, ठरवायचा. इटलीतल्या सार्सिना गावात एक शिलालेख मिळाला आहे. एका माणसाने गावकऱ्यांसाठी दफनभूमी दान दिली, पण त्यात अट घातली: ज्यांनी स्वतःला ग्लॅडिएटर म्हणून विकलं, ज्यांनी गळफास घेतला आणि जे घाणेरडा धंदा करत होते, त्यांना इथे जागा नाही. स्मशान वेगळं! महाराष्ट्रातल्या किती गावांत आजही हा प्रश्न आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

इ.स. 4 मधला एलिया सेंतिया नावाचा कायदा याहून पुढे जातो. ज्या गुलामाला मालकाने शिक्षा म्हणून साखळदंडात ठेवलं, डाग दिला किंवा रिंगणात लढायला पाठवलं, तो पुढे मुक्त झाला तरी त्याला रोमचं नागरिकत्व कधीच मिळणार नाही, आणि रोम शहरापासून 100 मैलांच्या आत त्याने राहायचं नाही. गायस या कायदेपंडिताने हे लिहून ठेवलं आहे. सिनेटने दुसरीकडून पण कुंपण घातलं. इ.स. 19 च्या एका ठरावाने सिनेटरांच्या आणि त्यांच्या खालच्या वर्गाच्या मुलानातवंडांना रिंगणात किंवा रंगमंचावर उतरायला मनाई केली. बघायला मनाई नाही. रक्त पाहायचं, पैसे लावायचे, टाळ्या वाजवायच्या. शिवायचं मात्र नाही.

इथे आपल्यातलेच काही जण विचारतात: मग बाबासाहेबांनी रोमच्या गुलामाची स्थिती अस्पृश्यापेक्षा बरी होती असं का म्हटलं? सिंहापुढे टाकलेल्या माणसाची स्थिती बरी कशी? प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. बाबासाहेब क्रौर्याची फूटपट्टी घेऊन बसलेले नाहीत. त्यांचा मुद्दा व्यवस्थेचा आहे. रोमचा गुलाम लेखनिक होऊ शकत होता, वैद्य, शिक्षक, कारागीर होऊ शकत होता. त्याला ज्ञानाची बंदी नव्हती. तो मुक्त होऊ शकत होता. आणि तो मालकाची मालमत्ता असल्यामुळे त्याला किंमत होती. म्हणून मलेरियाच्या दलदलीत गुलामाला न पाठवता रोजंदारीच्या स्वतंत्र मजुराला पाठवायचा सल्ला रोमन जमीनदार देत, असं ते दाखवतात. अस्पृश्य कुणाची मालमत्ता नव्हता, म्हणून त्याच्या मरणाने कुणाचंही नुकसान होत नव्हतं.

रिंगणातला माणूस हा मुद्दा खोडत नाही, उलट पक्का करतो. गायसच्याच ग्रंथात एक व्यवहार आहे. समजा मी तुला माझे ग्लॅडिएटर दिले: जो धडधाकट परत येईल त्याचे 20 दिनार, जो मरेल किंवा लुळा होईल त्याचे 1000. आता याला भाडं म्हणायचं की विक्री? पंडितांनी काथ्याकूट करून ठरवलं: परत आला तर भाडं, मेला तर विक्री. वाचताना अंगावर काटा येतो. पण आकड्याकडे पुन्हा बघा. मेलेल्या माणसासाठी खेळ भरवणाऱ्याला 50 पट मोजावे लागत. म्हणजे तो मेला तर कुणाच्या तरी खिशाला चाट होती. आपल्याकडे गटारात उतरवलेला माणूस गुदमरून मरतो तेव्हा उतरवणाऱ्या ठेकेदाराचं काय जातं? भरपाई म्हणून 10 लाख द्यायला सर्वोच्च न्यायालयाला 2014 साली सांगावं लागलं, 2023 साली 30 लाख सांगावे लागले. ते मिळवायला विधवेला किती टेबलं फिरावी लागतात ते ज्यांनी तिच्यासोबत फिरून पाहिलंय त्यांना विचारा. बाबासाहेबांनी मांडलेला हिशोब अजून मिटलेला नाही.

एक फरक मात्र आपणही विसरू नये. रिंगणातल्या माणसाचा डाग मुख्यतः धंद्याचा आणि शिक्षेचा होता. तो कोणत्या आईच्या पोटी जन्मला यावरून तो ठरत नव्हता. आणि त्याला तसं ठेवणं हे कुठल्या धर्मग्रंथाने पुण्य म्हणून सांगितलं नव्हतं. म्हणूनच रोमची विषमता रोमबरोबर मोडू शकली.

आता मधला काळ. हा भाग कोलोसियमचा फोटो टाकणाऱ्यांना अजिबात ठाऊक नसतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

साम्राज्य मोडलं, खेळ बंद पडले, इमारती उरल्या. मग त्यात लोक राहायला आले. नीमचं अँफिथिएटर आधी किल्ला झालं आणि नंतर वस्ती. अठराव्या शतकात तिथे सुमारे 700 माणसं राहत होती. जवळच्या आर्ल शहरातल्या अँफिथिएटरात 200 हून अधिक घरं आणि 2 चर्चं होती. कमानींच्या आत चुली, पायऱ्यांवर भिंती, जिथे माणसं कापली जायची त्या रिंगणात गल्ल्या. इटलीतल्या लुक्का गावात तर घरं अँफिथिएटरच्या भिंतींवरच उभी राहिली. कोलोसियममध्येही कधी कारखाने, कधी स्मशान, कधी एका सरदार घराण्याची गढी. सोळाव्या शतकाच्या शेवटी पोप पाचवा सिक्स्टस याने तिथे लोकरीची गिरणी काढून शहरातल्या वेश्यांना काम द्यायचा बेत केला होता. तो मेला आणि बेत राहिला. मृत्यूच्या कारखान्यात गरीब माणसं जगू लागली, एवढा चांगला वापर त्या इमारतींचा आधी कधी झाला नव्हता.

मग एकोणिसाव्या शतकात 'वारसा' जागा झाला. नीमची वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हटवायला सुरुवात झाली आणि पुढच्या शतकाच्या आरंभी इमारत रिकामी झाली. आर्लची घरं 1825 नंतरच्या काही वर्षांत पाडली. इमारत मोकळी, स्वच्छ, प्राचीन, भव्य. आणि या मोकळ्या केलेल्या जागेत पहिला कार्यक्रम कोणता झाला? 1830 साली बैलांचा खेळ झाला, फ्रान्सने अल्जीयर्स जिंकलं म्हणून. पुढची 132 वर्षं आफ्रिकेतल्या ज्या देशाला गुलाम करून ठेवलं, त्याच्या पाडावाचा उत्सव! गरिबांना हुसकावून दिल्याबरोबर साम्राज्य आपल्या जुन्या जागेवर परत येऊन बसलं. रोममध्ये मुसोलिनीने तेच अधिक उघडपणे केलं. कोलोसियमपर्यंत सरळ परेडचा रस्ता हवा म्हणून त्याने मधल्या जुन्या वस्त्या भुईसपाट केल्या, हजारो लोकांना शहराबाहेरच्या ओसाड वसाहतींत नेऊन टाकलं आणि 1932 मध्ये रस्त्याचं उद्घाटन केलं. आज पर्यटक त्याच रस्त्यावर उभा राहून सेल्फी काढतो.

वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही भाषा ओळखीची आहे. सौंदर्यीकरण, संवर्धन, अतिक्रमण हटाव. प्राचीन वास्तूच्या शेजारचा पुजारी अतिक्रमण नसतो, झोपडीवालाच असतो. लुक्कात एवढं तरी बरं झालं की 1830 च्या दशकात मधली दाटी काढून बाजाराचा चौक केला आणि भोवतीची घरं राहू दिली. म्हणून आजही तो लंबगोल चौक तसाच आहे आणि खिडक्यांतून कपडे वाळत असतात.

आणि आज? आज या इमारतींत नाटक, संगीत, सिनेमा, सगळं चालतं. ट्युनिशियातल्या एल जेमच्या प्रचंड अँफिथिएटरात उन्हाळ्यात सिम्फनीचा महोत्सव भरतो. क्रोएशियातल्या पुला शहरात 1954 पासून चित्रपट महोत्सव होतो. याला माझा विरोध नाही. दगड पापी नसतो. विरोध आहे तो तिथे काय दाखवता आणि कशाच्या जोरावर दाखवता याला.

नीम आणि आर्लमध्ये आजही बैलांना भाले आणि तलवारीने मारण्याचा खेळ होतो. फ्रान्सच्या कायद्यात प्राण्यांशी क्रूरता हा गुन्हा आहे, पण जिथे 'अखंड स्थानिक परंपरा' आहे तिथे या खेळाला सूट. 2012 मध्ये त्यांच्या घटना परिषदेने ही सूट वैध ठरवली. म्हणजे एखादी गोष्ट चूक आहे हे कायद्याला मान्य, फक्त ती पुष्कळ दिवस चालू असेल तर बरोबर! 'परंपरा आहे' हा युक्तिवाद फ्रेंच भाषेतही तितकाच पोकळ आहे, हे पाहून मला एक वेगळाच दिलासा मिळाला. पंचशीलातलं पहिलं शील घेतलेल्या माणसाला यावर फार विचार करावा लागत नाही.

व्हेरोनाचं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण तिथे रक्त नाही, फक्त कला आहे. या शहरातल्या अँफिथिएटरात 1278 साली सुमारे 200 पाखंडी ठरवलेल्या ख्रिश्चनांना जिवंत जाळलं. तिथेच 1913 मध्ये व्हर्दीचा 'आयदा' हा ऑपेरा सादर झाला आणि तेव्हापासून ते जगातलं ऑपेराचं तीर्थक्षेत्र झालं. 'आयदा'ची नायिका आहे इजिप्तमध्ये गुलाम म्हणून आणलेली इथिओपियाची राजकन्या. ज्या रिंगणासाठी गुलाम विकत घेतले जायचे, तिथे गुलाम मुलीची कहाणी हजारो लोक ऐकतात. यातून काही शिकता आलं असतं. पण 2022 मध्ये काय झालं? अॅना नेत्रेब्को या गोऱ्या गायिकेने तोंडाला काळा रंग फासून आयदा उभी केली. त्याच हंगामात तिथे गाणार असलेल्या अमेरिकेच्या काळ्या गायिका एंजल ब्लू यांनी या प्रथेचा निषेध करून आपला कार्यक्रम सोडला. व्यवस्थापनाचं उत्तर काय, तर ही 2002 सालची मूळ मांडणी आहे, ती बदलता येत नाही. वीस वर्षांत परंपरा तयार! ज्या बाईने एवढ्या मोठ्या मंचावरून स्वतःहून माघार घेतली, तिचं नाव आपल्या पोरापोरींना माहीत असलं पाहिजे.

आणि कोलोसियम? 2024 च्या अखेरीस भाड्याने खोल्या देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीने जाहीर केलं की निवडक पाहुण्यांना तिथे ग्लॅडिएटर बनून लुटुपुटूचं लढता येईल. निमित्त नव्या चित्रपटाचं. रोमच्या लोकप्रतिनिधींनी त्यावर टीका केली. तर असा आहे तो 'अभिमान'. इटलीच्या माणसाला आपल्या वारशाबद्दल काहीच खुपत नाही, हे तुम्हाला सांगितलं कुणी?

उलट, खुपतं म्हणूनच त्यांनी एक चांगली गोष्ट केली आहे. 1999 च्या अखेरीपासून जगात कुठे फाशीची शिक्षा रद्द झाली किंवा मोठ्या फाशीतून कुणी वाचलं, तर कोलोसियम सोनेरी दिव्यांनी उजळतात. ही जागा कशाची होती ते मान्य करून तिचा अर्थ उलटवायचा, याला म्हणतात वारशाशी प्रामाणिक असणं. आपल्या बाबासाहेबांनी 1949 साली संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करावी असं मत मांडलं होतं. ती शिक्षा आपल्याकडे अजून आहे. अभिमानाच्या बाबतीत इटलीचं अनुकरण करायचंच असेल तर इथून सुरुवात करा.

तरी एक गोष्ट तिथेही राहून गेली आहे. अठराव्या शतकात पोपने कोलोसियम ख्रिस्ती हुतात्म्यांना अर्पण केलं. आजही गुड फ्रायडेला तिथे क्रूस मिरवला जातो. प्रत्यक्ष कोलोसियममध्ये ख्रिस्ती मेल्याचे पुरावे अगदी क्षीण आहेत. ज्यांच्या मरणाचे पुरावे ढिगाने आहेत त्या गुलामांसाठी, युद्धकैद्यांसाठी अशी मिरवणूक कुणी काढत नाही. असं का? कारण ख्रिस्ती समाजाने आपले मेलेले लिहून ठेवले. फ्रान्समधल्या लियों शहरात इ.स. 177 मध्ये ख्रिस्ती लोकांना अँफिथिएटरात मारलं, त्यात ब्लांदिना नावाची एक गुलाम बाई होती. वाचलेल्यांनी दूरच्या आपल्या बांधवांना पत्र लिहून सगळी हकीकत कळवली, युसेबियसने ते पत्र आपल्या ग्रंथात जपलं. त्या पत्रात ब्लांदिनाची मालकीणही आहे, तीही त्या छळात सापडली होती. पण तिचं नाव दिलेलं नाही. गुलामाचं नाव 1800 वर्षं टिकलं आणि मालकिणीचं हरवलं, अशी उदाहरणं इतिहासात बोटांवर मोजण्याइतकी. आज लियोंच्या त्या रिंगणात ब्लांदिनाच्या आठवणीचा खांब उभा आहे.

ज्यांची दखल शत्रूने घेतली ते कसे उरतात, तेही बघा. इ.स. 393 मध्ये सिम्माकस नावाच्या रोमन उमरावाने मुलासाठी मोठे खेळ भरवायचं ठरवलं आणि सॅक्सन कैदी मिळवले. आदल्या रात्री त्यातल्या 29 जणांनी दोरीशिवाय, नुसत्या हातांनी एकमेकांचे गळे दाबून मरण पत्करलं. तमाशा होऊ दिला नाही. सिम्माकसने पत्रात त्रागा केला की हे तर स्पार्टाकसपेक्षा वाईट निघाले. 29 हा आकडा आपल्याला कळला तो एका मालकाच्या नुकसानीच्या तक्रारीतून. एकाचंही नाव नाही.

थोडं आपल्या लोकांशीही बोलायचं आहे. 'बौद्ध भारतात गुलाम नव्हते' अशा पोस्ट आपलेच काही कार्यकर्ते फिरवतात. त्या थांबवा. विनयपिटकात दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे; दास नसते तर नियम कशाला केला असता? खोट्या अभिमानाला खोट्या अभिमानाने उत्तर दिलं की आपण त्यांच्याच शाखेत बसलो. खरं सांगायला आपल्याकडे पुरेसं आहे. रोममध्ये ग्लॅडिएटरांची पहिली नोंदलेली झुंज इ.स.पू. 264 ची, एका श्रीमंत माणसाच्या मुलांनी बापाच्या अंत्यविधीला लावलेल्या 3 जोड्या. त्याच काळात इकडे अशोक राज्य करत होता, आणि काही वर्षांतच त्याने आपल्या पहिल्या शिलालेखात कोरून घेतलं की यज्ञासाठी जीव मारू नये आणि 'समाज' भरवू नयेत. समाज म्हणजे जत्रा, मेळावे, ज्यात झुंजी आणि कत्तल चालायची. त्याच ठिकाणी तो पुढे सांगतो की काही समाज चांगलेही असतात. लोकांनी जमू नये असं त्याचं म्हणणं नव्हतं. जमून काय करता, एवढंच तो विचारतो. आणि लगेच हेही सांगतो, अशोकाने मृत्युदंड रद्द केला नाही, शिक्षा झालेल्याला 3 दिवसांची मुदत दिली. आहे ते असं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो आला की चिडू नका, ब्लॉक करू नका. विचारा: आर्लमधली 200 घरं कुणाची होती? सार्सिनाच्या दफनभूमीत कुणाला जागा नव्हती? कोलोसियम कधी उजळतं? आणि मग आपल्या मूळ प्रश्नाकडे परत आणा, बारवेच्या पाण्याकडे. तो प्रश्न त्यांना चुकवायचा असतो म्हणून तर रोमला जावं लागतं.

नीममध्ये अँफिथिएटरात लढलेल्यांचे काही थडग्याचे दगड सापडले आहेत. त्यातला एक बेरिल्लस नावाच्या माणसाचा आहे. जन्माने ग्रीक, रथावरून लढणारा, 20 झुंजींनंतर मुक्त झालेला, वय 25. दगड त्याच्या बायकोने बसवला. तिचं नाव नोमास. ज्या समाजात तिच्या नवऱ्याला गावच्या दफनभूमीत जागा नाकारली जाऊ शकत होती, तिथे तिने पैसे साठवून पाथरवटाकडून हे सगळं कोरून घेतलं, आणि शेवटी स्वतःचं नावही घातलं.

जय भीम.